पुतळे हलवले, इमारती ठेवल्या. इंग्रज-पोर्तुगीजांच्या उरलेल्या खुणांचं आता काय करायचं?

फोर्टातला वाटसरू (धागाकर्ता)

मशीद बंदरचा, एका इंग्रज गव्हर्नरच्या नावाचा जुना कर्नाक पूल पाडून नवा बांधला आणि जुलै २०२५ मध्ये त्याला 'सिंदूर' नाव दिलं. तेव्हापासून आमच्या घरात, ऑफिसात, व्हॉट्सॅपवर एकच वाद सुरू आहे. परक्या राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेल्या खुणांचं करायचं काय? काहीजण म्हणतात, गुलामीची निशाणी आहे, पुसून टाका. काहीजण म्हणतात, वारसा आहे, हात लावू नका. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते एका पुतळ्यावरून सांगतो.

मुंबईत राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, १८७२ साली फोर्टात बसवलेला. पैसे कोणी दिले? बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी. म्हणजे मराठा संस्थानिकाच्या तिजोरीतून. १८९६ साली दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर या भावांनी रात्री जाऊन त्या पुतळ्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ ला, याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर याच चापेकरांनी गोळी झाडली. फासलेलं डांबर संगमरवरात इतकं मुरलं होतं की ते काढायला त्रिभुवनदास गज्जर या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला बोलवावं लागलं. १९६५ साली पुतळा रस्त्यावरून हलवला. आता तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागच्या आवारात आहे.

व्हिक्टोरिया उभ्या आयुष्यात हिंदुस्थानात आली नाही. पण या दगडावर जे जे घडलं ते सगळं आपल्या माणसांनी केलेलं आहे. राजनिष्ठा दाखवायला पैसे देणारा महाराजा आपला, डांबर फासणारे आपले, ते साफ करणाराही आपलाच. हा पुतळा राणीचा म्हणून मला कवडीमोलाचा वाटतो, पण चापेकरांच्या हाताचा पुरावा म्हणून फार मोलाचा वाटतो. तो फोडला असता तर हा पुरावाही गेला असता. आणि तो आजही चौकात मानाने उभा असता तर ते मला सहन झालं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं: मानाची जागा काढून घ्या, वस्तू ठेवा, आणि तिच्याशेजारी सगळी हकीकत मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. कोणी उभारलं, पैसा कोणाचा, हात कोणाचे आणि पुढे लोकांनी त्याचं काय केलं. दिल्लीत हे एकदा झालेलं आहे. १८५७ चा उठाव मोडणाऱ्या इंग्रज फौजेचं स्मारक तिथल्या टेकडीवर आहे, आणि त्यावर आपल्या लोकांचा उल्लेख 'शत्रू' असा आहे. १९७२ साली सरकारने त्याला अजितगड नाव दिलं आणि शेजारी फलक लावला, की इथे ज्यांना शत्रू म्हटलंय ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले हुतात्मे होते. मूळ मजकूर खोडला नाही. त्याला उत्तर दिलं. मला हे फार आवडतं.

तुमच्या गावात काय आहे, त्याचं काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, ते लिहा.

---

हेमंत_परळ

धागा चांगला आहे, पण मी पुसून टाका म्हणणाऱ्यांतला आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पुतळा चौथऱ्यावर असतो आणि आपण खालून मान वर करून बघतो. त्याचं कामच ते. फलक कोणी वाचत नाही, मान मात्र सगळे वर करतात. १९६५ ला पुतळे हलवले ते योग्यच झालं, खरं तर १९४७ ला व्हायला हवं होतं. अठरा वर्षं स्वतंत्र देशाच्या रस्त्यावर ही मंडळी उभी कशी राहिली याचं मला नवल वाटतं.

नावांचंही तेच. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ ला झालं. लोक म्हणाले काय फरक पडतो. मला पडतो. माझे आजोबा गिरणीत होते, रोज त्या स्टेशनावर उतरायचे आणि एका इंग्रज गव्हर्नरचं नाव घ्यायचे. माझी मुलगी देवीचं नाव घेते. एवढं पुरे आहे मला.

---

रंगीतखडू

हेमंतदादा, नाव बदलायला माझी ना नाही. पण काय बदललं आणि का, हे मुलीला सांगता ना? एल्फिन्स्टन कोण हे तिला माहीत नसेल तर नाव बदलल्याचा आनंद तिला कसा होणार?

---

कृष्णाकाठ

धाग्याची सुरुवात कर्नाक पुलावरून झाली म्हणून सातारकर या नात्याने लिहिणं भाग आहे.

हा जेम्स रिव्हेट-कर्नाक १८३९ ते १८४१ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, १८३९ साली, छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं. आरोप काय, तर गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधून कंपनीविरुद्ध कट केला. महाराजांना काशीला नेऊन ठेवलं, तिथेच १८४७ ला त्यांचा अंत झाला. साताऱ्यात शाळा काढणारा, रस्ते-पाण्याची सोय करणारा हा राजा परत आपलं शहर बघू शकला नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि एक तपाहून जास्त काळ तिथे कंपनीच्या दारात उभे राहिले. हाती काही लागलं नाही. परत आले आणि सत्तावनच्या उठावाच्या तयारीत उतरले. कट फुटला, मुलगा आणि साथीदार मारले गेले, ते स्वतः निसटले आणि पुढे त्यांचं काय झालं कोणाला कळलं नाही.

पुलाचं उद्घाटन झालं तेव्हा कर्नाकने प्रतापसिंहांवर केलेल्या अन्यायाचा उल्लेख झाला, ही चांगली गोष्ट. पण मग पुलाला रंगो बापूजींचं नाव का नाही? ज्याने अन्याय केला त्याचं नाव दीडशे वर्षांनी उतरवलं आणि जो त्याविरुद्ध आयुष्यभर झगडला त्याला ती जागा मिळाली नाही. 'सिंदूर' या नावाबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्याचा प्रसंग वेगळा आहे. पण या पुलावर एक हिशेब चुकता करायचा होता. तो अर्धाच राहिला.

---

फोर्टातला वाटसरू

कृष्णाकाठ, अगदी मनातलं लिहिलंत. नुसतं नाव उतरवल्याने इतिहासाचं काम होत नाही ते यासाठीच.

---

निळाई

इथपर्यंतचा सगळा धागा 'त्यांची स्मारकं' आणि 'आपण' असा चालला आहे. या 'आपण'मध्ये कोण कोण आहे ते मला विचारायचं आहे.

आमच्या घरात एक जानेवारीला पहाटे तीनला दिवे लागतात. भाकरी बांधून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि भीमा कोरेगावच्या स्तंभाला वंदन करायला निघायचं. माझी आजी जायची, आई जाते, मी जाते. हा स्तंभ कोणी बांधला? ईस्ट इंडिया कंपनीने. कशासाठी? १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या छोट्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं, त्या स्वतःच्या पराक्रमाची जाहिरात म्हणून. व्याख्येने बघितलं तर हे शंभर टक्के वसाहतवादी स्मारक आहे. पण त्यावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ते महार शिपाई होते. ज्या राज्यात आमच्या माणसाला रस्त्याने सरळ चालता येत नव्हतं, त्या काळात आमच्या माणसांची नावं दगडात कोरलेली दुसरी जागा दाखवा. मी शोधली आहे. मला सापडलेली नाही.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला. मला हा नुसता योगायोग वाटत नाही. पुढे महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही हाच स्तंभ होता.

कंपनी काही आमच्या भल्यासाठी आली नव्हती हे आम्हाला शिकवायची गरज नाही. याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळ्यांसारख्या माणसांना त्यासाठी अर्ज लिहीत बसावं लागलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच लष्करातले. वापरलं आणि टाकलं, हे आम्ही बघितलंय. तरीही तो स्तंभ आमचा आहे. कंपनीने तो तिच्यासाठी उभारला आणि आमच्या लोकांनी तो स्वतःसाठी घेतला. म्हणून 'सगळं पुसा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा प्रश्न आहे: यादी कोण करणार, आणि त्या खोलीत आमचं कोणी असेल का?

---

पेठेतला_वाचक

निळाईताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण त्या लढाईत कंपनीच्या तुकडीत इतर जातीधर्मांचेही शिपाई होते आणि पेशव्यांकडून लढणाऱ्यांत अरब मोठ्या संख्येने होते. ती एका जातीची दुसऱ्या जातीशी लढाई नव्हती. शिवाय त्याच वर्षी हे राज्य बुडालं आणि देश परक्यांच्या ताब्यात गेला. ज्याला ते दुःख वाटतं त्यानेही तो स्तंभ बघून मान खाली घालायची का?

---

निळाई

तुम्ही सांगितलेली माहिती बरोबर आहे आणि मी ती कुठे नाकारली नाही. दुःख वाटत असेल तर जरूर वाटू द्या. मान खाली घाला असं कोणी म्हणत नाही. पण एकाच दगडापुढे तुम्हाला दुःख आणि मला अभिमान वाटू शकतो, हे मान्य करायला काय हरकत आहे? त्या दुःखाचं कारण मी समजून घेते. माझ्या अभिमानाचं कारण समजून घ्यायला मात्र दरवेळी कागद मागितले जातात. २०१८ ला तिथे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत हा स्तंभ कुठे आहे हे पुण्यातल्या कित्येकांच्या गावीही नव्हतं.

---

पेठेतला_वाचक

दुःख आणि अभिमान दोन्हीला जागा आहे, हे मान्य. मनापासून.

पुण्याचीच एक गोष्ट सांगतो. आपली महात्मा फुले मंडई ही मूळची रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाची, १८८६ सालची. जोतीराव त्याआधी नगरपालिकेत सभासद होते आणि या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता. पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं. पुढे मंडईसमोर १९२४ मध्ये, इंग्रजांचं राज्य असताना, टिळकांचा पुतळा बसला. मोतीलाल नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. आणि त्यानंतर आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. एकही दगड न हलवता पुणेकरांनी ती इमारत आपली करून घेतली. फक्त एक वाटतं. जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता हे मंडईच्या दारावर ठळक लिहिलेलं असावं. नुसतं नाव दिल्याने त्यांचा मुद्दा झाकला जातो.

---

करवीरवासी

कोल्हापुरात आम्ही फलकाबिलकाच्या भानगडीत पडलो नाही. गव्हर्नर विल्सनचा पुतळा भर चौकात होता. बेचाळीसच्या चळवळीत आधी त्याचं तोंड विद्रूप केलं, त्यात बायका पुढे होत्या, आणि मग क्रांतिकारकांनी तो फोडला. १९४५ ला त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. इंग्रज अजून देशात होते, बरं का. आज तो शिवाजी चौक म्हणजे कोल्हापूरचं काळीज आहे.

इथे सगळे 'मोडतोड वाईट' असं गृहीत धरून बोलताहेत, म्हणून लिहिलं. राज्य त्यांचं असताना, तुरुंगाची भीती समोर असताना पुतळा फोडणं आणि पंचाहत्तर वर्षांनी पोलीस बंदोबस्तात क्रेन लावून हलवणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. पहिल्या गोष्टीला छाती लागते.

---

हेमंत_परळ

करवीरवासी, जबरदस्त. याच्यापुढे काय बोलणार.

---

सातेरी

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे हा प्रश्न चारशे वर्षं जुना आणि जास्त गुंतलेला आहे, कारण पोर्तुगीज नुसते राज्य करून गेले नाहीत, घराघरांत शिरले.

१९ डिसेंबर १९६१ नंतर पणजीतला, गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कचा पुतळा काढून जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवला. पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळा पोर्तुगिजांनी जाता जाता, १९६० ला, जुन्या गोव्यात उभारला होता. १९८३ मध्ये त्यावरून वातावरण तापलं आणि तोही त्याच संग्रहालयात गेला. दोघेही आता आतमध्ये आहेत, बघायचे त्यांनी जाऊन बघावेत. माझ्या मते हे ठीक झालं.

पण व्हाइसरॉयची कमान अजून जागेवर आहे. नदीकडच्या बाजूला वास्को द गामा उभा आहे, आणि आतल्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक स्त्री आहे, तिच्या पायाखाली आडवा पडलेला पराभूत शत्रू. ती कमान बघताना माझ्या पोटात दर वेळी कालवतं. ती पाडावी असं मात्र मी म्हणणार नाही. सत्ता स्वतःबद्दल काय विचार करत होती हे इतक्या उघडपणे सांगणारं दुसरं पुस्तक नाही.

आणि एक उलट उदाहरण. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. १९४५ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. पण फारिया कांदोळीत जन्मलेला गोंयकार, युरोपात जाऊन संमोहनाच्या अभ्यासात नाव कमावलेला, आणि शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामतही आमचेच. त्या पुतळ्याला हात लावावा असं कोणाच्या मनातही येत नाही. काळ वसाहतीचा होता म्हणून वस्तू वसाहतीची होत नाही. 'पोर्तुगीज खुणा पुसणार' अशी भाषणं आमच्याकडेही होतात. ऐकताना मनात येतं, तिसवाडीतल्या माझ्या मैत्रिणीचं आडनाव, तिच्या आजोबांनी बांधलेलं घर, तिच्या घरचं जेवण, यातलं काय पुसणार? ती माझ्याइतकीच इथली आहे.

---

मीनल_वास्तुरचना

इमारतींबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून थोडं लिहिते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बघताना सगळे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं नाव घेतात. त्याच्याबरोबर साहाय्यक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते. भिंतीवरची पानंफुलं, माकडं, मोर यांचं नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं आहे. घड्याळाखाली व्हिक्टोरियाचा पुतळा होता. तो काढल्यापासून कोनाडा रिकामा आहे. तो तसाच राहावा असं मला वाटतं. राज्य आलं आणि गेलं हे त्या रिकाम्या जागेतून जितकं स्पष्ट कळतं तितकं दुसरा कोणताही पुतळा बसवून कळणार नाही.

गेटवेचंही तसंच. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधायला घेतलं, पुरं झालं १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच दारातून परत गेली. १९६१ पासून समोर शिवाजी महाराज घोड्यावर आहेत. आता तिथे पाचव्या जॉर्जचं नाव कोणाच्या ओठावर येतं?

काळ्या घोड्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मूळ पुतळ्यात इंग्लंडचा सातवा एडवर्ड घोड्यावर होता. तो १९६५ ला राणीच्या बागेत गेला. २०१७ ला जुन्या जागेजवळ नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. दिसायला देखणा आहे. पण स्वार कोण होता आणि का उतरवला, हे न सांगता नुसता घोडा उभा केला की शहराला आपल्याच निर्णयाचा विसर पडतो.

---

गोदावरी_ते_एव्हन

नाशिकची, सध्या मुक्काम ब्रिस्टल. इथे जून २०२० मध्ये एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा लोकांनी दोरखंड लावून पाडला आणि बंदरात ढकलला. गुलामांच्या व्यापारात पैसा केलेला, आणि त्याच पैशातून शहराला दानधर्म केलेला माणूस. पुतळा पाण्यातून काढला आणि आता इथल्या संग्रहालयात आडवा ठेवलाय, अंगावरच्या रंगाच्या फवाऱ्यांसकट. उभा केलेला नाही, साफही केलेला नाही. धागाकर्त्यांनी चापेकरांच्या डांबराबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. ते डांबर काढलं गेलं नसतं तर!

पण कोल्स्टनवरून मला आपल्या मुंबईबद्दल एक अवघड प्रश्न पडलाय. काळ्या घोड्याचा मूळ पुतळा ससून घराण्याने दिला. जमशेटजी जीजीभॉयांनी मुंबईला रुग्णालय दिलं, कलाशाळा दिली. या दोन्ही घराण्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. त्या अफूने चीनमध्ये किती घरं उद्ध्वस्त झाली! आपण इंग्रजांचे पुतळे हलवले, पण या व्यापाराबद्दल आपल्या शहरात एक शब्द कुठे लिहिलेला आहे का? मी त्यांचे पुतळे पाडा म्हणत नाही. त्यांच्या दानावर मुंबईतल्या पिढ्या शिकल्या, बऱ्या झाल्या, हेही खरंच आहे. पण पैसा कोणाचा हे लिहायचं असेल तर तो कुठून आला हेही लिहावं लागेल, आणि ते वाचायची आपली तयारी हवी.

---

रंगीतखडू

गोदावरीताई, हा प्रतिसाद दोनदा वाचला. हे शाळेत कोणी शिकवलं नाही.

---

फोर्टातला वाटसरू

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून माझं मत एका बाबतीत पक्कं झालं आणि एका बाबतीत त्यात भर पडली. वस्तू टिकावी हे पक्कं. भर अशी, की ती कोणाची आहे हे बांधणाऱ्यावरून ठरत नाही. निळाई आणि सातेरी यांनी ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं मांडलंय.

करवीरवासी, विल्सनच्या पुतळ्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. तो फोडणाऱ्यांची नावं त्या चौकात कोरलेली असावीत एवढंच मागणं.

आता कामाचं. राणीच्या बागेतल्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्यासाठी मी मजकुराचा कच्चा मसुदा करतोय, संग्रहालयाला आणि महापालिकेला पाठवायला. पहिली ओळ अशी: "या पुतळ्याला १८९६ साली दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी डांबर फासले." राणीचं नाव, शिल्पकार, खंडेराव महाराज, गज्जर हे सगळं त्याच्या खाली. कोणाला सुधारणा सुचवायच्या असतील तर सांगा.

---

हेमंत_परळ

मी अजूनही पुसा म्हणणाऱ्यांतच आहे. पण पहिली ओळ चापेकरांची असेल तर माझी सही घ्या. जोड्यांची माळ गाळू नका. आणि फलक पुतळ्याच्या पायाशी नको, डोळ्यांच्या उंचीवर लावा.

---

निळाई

माझीही सही. एक सुचवते: तो दगड कोणी चढवला, १९६५ ला कोणी उतरवला, त्या हमाल-गवंड्यांची नोंद महापालिकेच्या जुन्या कागदांत मिळते का ते बघा. मिळाली तर नावं घाला. मी पुढच्या आठवड्यात मुंबईत आहे, दफ्तरात बसायला वेळ काढू शकते.

---

कृष्णाकाठ

सही. आणि याच्या पाठोपाठ रंगो बापूजींसाठी वेगळा अर्ज करू. मी साताऱ्यातल्या इतिहास मंडळींशी बोलायला घेतलंय, त्यासाठी नवीन धागा काढतो.